माणसं दीड हजारासाठी सोडून जातात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मरोळच्या एमआयडीसीत औषधांच्या खोक्यांचा छापखाना आहे, सत्तरेक माणसं कामाला. वर्षभरात वीसजण सोडून गेले, त्यातले बरेचसे वसईतल्या एका नव्या युनिटकडे, महिना दीड हजार जास्त मिळतात म्हणून. उशिरा माल दिल्याबद्दल दोन मोठ्या ग्राहकांनी लेखी तक्रार केली आहे. एका एजन्सीने 'एम्प्लॉयी एंगेजमेंट'चं, म्हणजे माणसांनी मन लावून काम करावं यासाठीचं, पॅकेज पुढे ठेवलं आहे: मोबाइल ॲप, वाढदिवस, वर्षातून एक सहल, एक सर्व्हे. ते घ्यावं का, आणि या सगळ्याचा धंद्यात टिकून राहण्याशी खरंच संबंध असतो की हे मोठ्या कंपन्यांना परवडणारे लाड आहेत, असं तुम्ही विचारलंय.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी-पाळ्यांची नोंद ठेवणाऱ्या खात्यात, कामाला लागले आणि पुढे एचआरमध्येच राहिले. आता मुंबई-ठाण्यातल्या लहान कारखान्यांना सल्ला देते. तुमचं युनिट मी पाहिलेलं नाही, त्यामुळे जिथे उत्तर परिस्थितीवर ठरेल तिथे तसं सांगत जाईन.

संबंध आहे का, हे आधी घेते, कारण बाकीचं त्यावर उभं आहे. मरोळला गाळ्याचं भाडं, वीज, वाहतूक सगळं धरलं तर दराच्या लढाईत तुम्ही वसई-भिवंडीला हरवू शकणार नाही. ग्राहक तरीही तुमच्याकडे का येतो? खोक्यावरचं आर्टवर्क (छापायचं डिझाइन) सकाळी मंजूर झालं तर संध्याकाळी मशीनवर चढतं, छोटी बॅच तुम्ही नाकारत नाही, आणि तुमच्या मालात भेसळ निघत नाही म्हणून. औषधाच्या खोक्यांत भेसळ म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. एका औषधाच्या गठ्ठ्यात दुसऱ्या औषधाचं, किंवा त्याच औषधाच्या वेगळ्या मात्रेचं एक खोकं गेलं तरी सगळा लॉट परत येऊ शकतो, आणि पुढचं ऑडिट वेगळंच. ती भेसळ टाळतं कोण? जॉब, म्हणजे छपाईची एक ऑर्डर, संपवून दुसरा लावताना खोकी चिकटवणाऱ्या पेस्टिंग मशीनखाली वाकून आधीच्या जॉबचं अडकलेलं खोकं शोधणारा ऑपरेटर. लाइन क्लिअरन्सच्या, म्हणजे मशीनवर आधीच्या जॉबचं काही उरलं नाही याच्या, कागदावर सही तर प्रत्येकजण करतो. शिफ्ट संपायला दहा मिनिटं असताना कोण खरंच वाकतो आणि कोण नुसती सही करतो, हे कॅमेऱ्यालाही कळत नाही. एंगेजमेंट हा शब्द मी वापरते तेव्हा मला हे वाकणं अभिप्रेत असतं. तुमच्या धंद्याची धार तिथेच आहे. म्हणून तुमच्यासाठी हे लाड नाहीत.

आता वीसजण का गेले ते पाहू. राजीनाम्यात सगळे 'जास्त पगार' लिहितात, कारण ते लिहिलं की वाद होत नाही आणि फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब, सुरळीत होतं. मी सल्ल्याला गेले की आधी मस्टर (हजेरीपत्रक) आणि सोडून गेलेल्यांची यादी मागते. प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहा: किती महिने टिकला, कुठल्या विभागात होता, सुपरवायझर कोण होता, आणि राहायला कुठे होता. शेवटचा रकाना मुंबईत फार बोलका असतो. सोडून गेलेल्यांतले बरेच नालासोपारा-विरारचे निघाले, तर वसईच्या युनिटने त्यांना दीड हजारांहून बरंच जास्त दिलंय. विरारच्या गाडीत अंधेरीपर्यंत उभं राहायचं, तिथून मेट्रो किंवा शेअर रिक्षा, संध्याकाळी तेच उलट. वसईत काम लागल्यावर त्या माणसाचे दिवसाचे दोन तास परत आले आणि मुलं झोपायच्या आत तो घरी पोहोचू लागला. अशा माणसाला दीड हजार वाढवून तुम्ही थांबवू शकत नाही. शिफ्टची वेळ गर्दीच्या आधी किंवा नंतर सरकवून मात्र काहींना थांबवता येतं. सकाळी नऊचा ठोका हा कायदा नाही, सवय आहे. साडेसातला सुरू करून चारला सुटणारी पाळी लांबून येणाऱ्यांना विचारून पाहा. नवी भरती करताना घाटकोपर, साकीनाका, पवई, जोगेश्वरी अशा जवळच्या वस्त्यांकडे आधी पाहा.

यादीत दुसरी चित्रंही निघू शकतात. पहिल्या तीन महिन्यांतच जास्त माणसं गळत असतील तर भरतीच्या वेळी त्यांना जे सांगितलं आणि मशीनवर जे दिसलं त्यात फरक आहे, किंवा पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडे कुणी पाहिलंच नाही. दोन-तीन वर्षांनी जात असतील तर पुढे काय, याचं उत्तर त्यांना तुमच्याकडे सापडलं नाही. दिवाळीचा बोनस झाला की जात असतील तर त्यांनी आधीच ठरवलं होतं, फक्त थांबले होते. आणि एकाच सुपरवायझरच्या हाताखालून निम्मे गेले असतील, तर बाकीची चर्चा बाजूला ठेवून आधी त्याच्याशी बोलायला बसा.

पगाराबद्दल स्पष्ट बोलते. तुमचा पगार त्याच कामाच्या बाजारभावापेक्षा खरोखर कमी असेल तर एंगेजमेंटचा विषय काढूच नका, आधी पगार सारखा करा. कमी पगार झाकायला आणलेला कार्यक्रम माणसं पहिल्याच दिवशी ओळखतात. त्यात आणखी एक बारकावा आहे. ईएसआयसीची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची, सध्याची पगारमर्यादा महिना २१,००० रुपये आहे. साडेवीस हजारांच्या माणसाला दीड हजार वाढवले की तो चालू अंशदान काळ (वर्गणीचा सहा महिन्यांचा टप्पा) संपताच ईएसआयसीतून बाहेर पडतो. पगारातून जाणारी वर्गणी, कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के, वाचते, पण घरातल्या आजारपणाचं छत्र जातं. आजारपणाच्या रजेत ९१ दिवसांपर्यंत मिळणारा ७० टक्के पगारही जातो. आईवडिलांवर उपचार चालू असलेला माणूस अशा वाढीने खूश होत नाही, घाबरतो. तेव्हा त्या रेषेवरच्या लोकांना वाढ देताना त्याच दिवशी ग्रुप मेडिक्लेमचं (कंपनीने काढलेल्या आरोग्य विम्याचं) कार्डही हातात द्या.

रिकाम्या जागेचा हिशेब मालक सहसा करत नाहीत, म्हणून इथे मांडते. समजा डाय-कटिंगच्या (छापलेला कागद खोक्याच्या आकारात कापण्याच्या) ऑपरेटरचा पगार २४,००० आहे. २६ दिवस, रोज आठ तास धरले तर तासाला साधारण ११५ रुपये. तो गेला आणि उरलेल्या दोघांनी रोज दोन-दोन तास ओव्हरटाइम केला, तर महिन्याचे १०४ तास झाले. ओव्हरटाइमचा दर कायद्याने दुप्पट, म्हणजे सुमारे २३१ रुपये, एकूण जवळजवळ २४,००० रुपये. गेलेल्या माणसाचा सगळा पगार संपला आणि त्याच्या २०८ तासांच्या जागी १०४ तासच मिळाले. वर ते दोघे दिवसाला दहा तास उभे आहेत. त्यांच्या हातून वाया जाणारा माल वाढतो, खाडे वाढतात आणि दोन महिन्यांनी त्यातला एक निघतो. तुमच्या उशिराच्या तक्रारींचं मूळ इथे असण्याची शक्यता मला सर्वात जास्त वाटते.

म्हणून माझा आग्रह असतो की सुरुवात रोस्टरपासून करा. मनुष्यबळाचं नियोजन आणि माणसांचं मन लावून काम करणं, हे दोन विषय एचआरच्या पुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत असतात. कारखान्यात ते एकाच कागदावर असतात, नोटीस बोर्डावरच्या पाळीपत्रकावर. आज जास्त थांबावं लागणार हे दुपारी चारला कळणं म्हणजे घरच्यांना दिलेला शब्द मोडणं. हे महिन्यातून सहा वेळा झालं की माणसाच्या मनात हिशेब पक्का होतो: इथे माझ्या वेळेला किंमत नाही. गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्कोकडच्या दुकानांत यावर रीतसर प्रयोग झाला. काही दुकानांत पाळ्या आधी जाहीर केल्या, त्या स्थिर ठेवल्या आणि कर्मचाऱ्यांना आपसात बदलू दिल्या. त्या दुकानांची विक्री सुमारे ७ टक्क्यांनी आणि कामाच्या तासामागची उत्पादकता ५ टक्क्यांनी वाढली. दुकान आणि छापखाना एक नव्हे, त्यामुळे तेच आकडे तुमच्याकडे येतील असं मी म्हणत नाही. पण कारण तेच आहे. उद्याचा दिवस ठाऊक असलेला माणूस खाडा कमी करतो आणि कामावर पूर्ण हजर असतो.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा: पाळीपत्रक दोन आठवडे आधी लावा. साप्ताहिक सुट्टी ठरलेल्या वारी द्या आणि ती हलवायची असेल तर त्या माणसाला विचारा. ओव्हरटाइम आदल्या दिवशी सांगा, आणि नाही म्हणणाऱ्याची नोंद कुठेही ठेवू नका. रविवारी मेगाब्लॉक असतो हे सगळ्या मुंबईला माहीत असतं, तर त्या दिवशीच्या उशिराला लेटमार्क कशाला? पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या तर हजेरी कशी धरायची, हे जूनच्या आधी लिहून लावा. त्या दिवशी फोनवर भांडण नको.

सणांच्या रजेत तर कसोटी लागते. गणपतीत कोकणातली माणसं जाणार, दिवाळीनंतर छठला बिहार-पूर्वांचलची, आणि मे महिन्यात लग्नासाठी जवळजवळ सगळे. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. म्हणजे गणपतीची रजा सत्तर दिवस आधी तरी मंजूर झालेली असली पाहिजे. तरच त्याला आरक्षण उघडेल त्या सकाळी तिकीट काढता येईल. 'बघू, जवळ आलं की सांगतो' हे उत्तर मिळालेला माणूस शेवटी न सांगता जातो, आणि परत येताना दुसरीकडे लागतो. कोण कधी जाणार हे त्यांच्यातच बसून ठरवू द्या. या वर्षी ज्याने गणपती सोडला त्याचं नाव पुढच्या वर्षी पहिलं. एका कारखान्यात हे सुरू केलं तेव्हा मालकाला भीती होती की सगळेच एकदम रजा मागतील. तसं झालं नाही. मशीन बंद पडलं तर कुणाचं नुकसान होतं हे त्या माणसांना आपल्याइतकंच समजतं.

हे जमायला एका मशीनवर एकच माणूस असून चालत नाही. भिंतीवर एक तक्ता करा, आडव्या ओळीत मशीनं, उभ्या ओळीत नावं. कोण स्वतः चालवू शकतो, कोण मदतीने चालवतो, कोण शिकतोय. प्रत्येक मशीनवर किमान तिघं स्वतः चालवणारे हवेत. आणि नवं मशीन शिकल्यावर पगारात ठरलेली पायरी हवी, आधी जाहीर केलेली. हेल्पर म्हणून आलेल्या पोराला चार वर्षांनी आपण कुठे असू शकतो हे त्या तक्त्यावर दिसतं. दोन-तीन वर्षांनी सोडून जाणाऱ्यांवर याहून चांगला उपाय मला तरी माहीत नाही.

आता सुपरवायझर. या शहराला हा विषय नवा नाही. गिरण्यांच्या काळात भरती, बदलीचं (गैरहजर माणसाच्या जागचं) काम, रजा सगळं जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, हातात असायचं. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात त्या पद्धतीवर कडक टीका केली होती, कारण नोकरी टिकवायला कामगाराला जॉबरची मर्जी आणि अनेकदा त्याचा खिसाही सांभाळावा लागे. आज तसा कुणी उघड पैसे घेत नसेल, पण रजा कुणाला आणि ओव्हरटाइम कुणाला हे एकट्याच्या मर्जीवर असेल तर तीच सत्ता वेगळ्या नावाने चालू आहे. चांगल्या ऑपरेटरला बढती देऊन आपण सुपरवायझर करतो आणि माणसांशी कसं बोलायचं हे कधी शिकवत नाही. त्याला शिकवा. रजेचे नियम लिहून त्याच्या हातातली मर्जी कमी करा, आणि त्याच्या कामाच्या मोजमापात उत्पादनासोबत त्याच्या विभागातून किती जण गेले हेही धरा. शिवीगाळ करणारा असेल तर तो कितीही जुना असला तरी एक ताकीद, मग निर्णय. सगळा कारखाना तुमच्याकडे बघत असतो.

ऐकून घेण्याबद्दल. सत्तर माणसांत निनावी सर्व्हे निनावी राहत नाही. 'पेस्टिंग विभाग, रात्रपाळी, वय पन्नासच्या वर' म्हटलं की नाव कळलंच. त्यापेक्षा रोज शिफ्ट सुरू होताना दहा मिनिटं उभ्याने बैठक घ्या. काल किती रिजेक्शन झालं, का झालं, आज कोणता जॉब कधी जायचाय, आणि कुणाला काय अडचण आहे. अडचण फळ्यावर लिहायची, पुढे तारीख टाकायची. जमणार नसेल तर जमणार नाही आणि का, हेही तिथेच सांगायचं. कारण समजलेला नकार माणसं पचवतात. उत्तरच न मिळणं पचत नाही.

हे नुसतं चांगुलपणाचं बोलणं वाटू नये म्हणून आपल्या शेजारचंच उदाहरण देते. तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांत अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. निवडक कारखान्यांना साध्या व्यवस्थापनाच्या सवयी लावून दिल्या: दोषांची रोज नोंद, त्यावर रोज बैठक, मशीनची ठरलेली देखभाल, साठ्याची मांडणी, चांगल्या कामाला बक्षीस. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. त्याहून मोलाचा मला पुढचा भाग वाटतो. काही वर्षांनी संशोधक परत गेले तेव्हा लावलेल्या सवयींपैकी साधारण निम्म्या सुटलेल्या होत्या. मुख्य कारणं दोन, कारखान्याचे मॅनेजर बदलले आणि मालकांना वेळ नव्हता. म्हणजे ही दहा मिनिटांची बैठक तुम्ही स्वतः आठवड्यातून निदान दोनदा उभं राहून ऐकणार नसाल, तर सहा महिन्यांत ती बंद पडेल.

काही गोष्टी तर कायद्याच्याच आहेत, पण लहान युनिटमध्ये त्या पाळणं हीच विश्वासाची पहिली पायरी ठरते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचं, पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि सोडून जाणाऱ्याची देणी दोन कामाच्या दिवसांत. शेवटची गोष्ट अनेकांना जड जाते. पण गेलेल्या माणसाचा हिशेब कसा झाला हे राहिलेल्यांना त्याच संध्याकाळी फोनवर कळतं. आणि नीट निरोप दिलेला माणूस परत येतो. वसईकडे गेलेल्यांपैकी चांगल्यांना सहा महिन्यांनी स्वतः फोन करून पाहा.

मग पॅकेजचं काय? आत्ता घेऊ नका. सहल आणि वाढदिवस वाईट नाहीत. पण आज पाळीपत्रक बेभरवशाचं असताना लोणावळ्याला नेलं तर बसमध्ये चर्चा ओव्हरटाइमचीच होईल. तेच पैसे नेमणूकपत्रं, मेडिक्लेम आणि तिसरा डाय-कटिंग ऑपरेटर तयार करण्यावर घाला. पहिल्या महिन्यात यादी आणि पाळीपत्रक, दुसऱ्यात कौशल्याचा तक्ता आणि रोजची बैठक, मग सुपरवायझरचं प्रशिक्षण, या क्रमाने जा. मोजायचं असेल तर तीन आकडे पुरतात: महिन्याचे खाडे, पहिल्या नव्वद दिवसांत गळालेली माणसं, आणि वेळेवर गेलेले जॉब. सहा महिन्यांनी हे हलले नाहीत तर माझं निदान तुमच्या युनिटला लागू नाही असं समजा.

एक शक्यता अशीही आहे की गडबड तुमच्या आत नसून ग्राहकाच्या बाजूने येतेय. तो आर्टवर्क वीस तारखेला मंजूर करतो आणि माल तीसला मागतो, म्हणून महिनाअखेर सगळ्यांना थांबावं लागतं. असं असेल तर पाळीपत्रक कितीही नीट केलं तरी मोडणार. ज्यांनी तक्रार केली त्या दोन ग्राहकांच्या गेल्या सहा महिन्यांच्या मंजुरीच्या आणि मागणीच्या तारखा समोरासमोर मांडून त्यांच्या खरेदी विभागाकडे घेऊन जा. निम्मे जॉब महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात सरकवता आले तर तुमचा निम्मा ओव्हरटाइम सुटेल.

सत्तरपैकी किती जण ठेकेदाराचे आहेत आणि रात्रपाळी चालते का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. ठेकेदाराचे हेल्पर असतील तर त्यांचा पीएफ-ईएसआयसी खरंच भरला जातो का ते तपासा, पीएफ यूएएनवरून (प्रत्येकाच्या पीएफ खात्याच्या क्रमांकावरून). त्यांना तुमच्याच बैठकीत उभं करा, कारण जॉब बदलताना मशीनखाली वाकायचं काम बहुतेक वेळा त्यांच्यावरच येतं. रात्रपाळी असेल तर ती किती आठवड्यांनी बदलते आणि महिला कामगार आहेत का, तेही कळवा. त्यावर उत्तर बरंच वेगळं होईल, ते स्वतंत्रपणे लिहिते.